राम आळीतली उधारी आणि दोन टक्के

रत्नागिरीच्या राम आळीत आमचे किराणा दुकान होते. वडिलांच्या जुन्या खातेवह्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक मोठ्या रकमा जमा झाल्या आहेत त्या शिमग्याला आणि गणपतीला, म्हणजे चाकरमानी गावी आल्यावर. टपाल खात्याची मनिऑर्डर सेवा १८८० साली सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांतला पगार कोकणात पोचू लागला. ती मनिऑर्डर येईपर्यंत घर चालायचे ते वाण्याच्या वहीवर.

या उधारीला व्याज नव्हते, पण ती फुकटही नव्हती. बुडीत खात्यांचा भार भावातच धरलेला असे. कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हे वडील माणसाचे घराणे पाहून ठरवत. त्यामुळे नवख्याला आणि गरिबाला नकार मिळे, हेही सांगितले पाहिजे.

क्रेडिट कार्डाने हीच उधारी दुकानाबाहेर नेली. अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड १९५० साली निघाले, भारतात ते १९६१ साली आले. १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले. त्या काळी दुकानदार कार्डावरची उठावाची अक्षरे कार्बन लावलेल्या पावतीवर दाबून घेई, आणि पावत्या बँकेत भरल्यावर पैसे मिळत. ओळख नसलेल्या माणसाला उधार देण्याची जोखीम आता बँकेची झाली. त्याचा मोबदला मात्र दुकानदाराच्या रकमेतून कापला जाई.

आमच्याकडे कार्डाचे यंत्र आले ते कोकण रेल्वे सुरू होऊन पर्यटक वाढल्यावर. कापले जात सुमारे दोन टक्के. आकडा लहान दिसतो. पण हजार रुपयांच्या किराण्यात साठ रुपये सुटत असतील, तर त्यातले वीस बँकेकडे जात. म्हणजे नफ्याचा एक तृतीयांश! सोनाराला, हॉटेलवाल्याला हे परवडे, वाण्याला नाही. "कार्ड असेल तर दोन टक्के जादा," असे वडील हळूच सांगत. करारात ते बसत नव्हते, आणि गल्ल्यावर बसून मीही ते सांगितले आहे.

पुढे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली डेबिट कार्डावरच्या कपातीला मर्यादा घातली. क्रेडिट कार्डाला ती लागू नव्हती. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरची कपात शून्य झाली. शहाळेवाल्याच्या गाडीवरही क्यूआर लागला, कारण दुकानदाराच्या खिशाला आता झळ नव्हती. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. लहान रकमांना सवलत आहे. तिच्यापलीकडे मात्र त्याच फलकावरून जुनी कपात परत येऊ शकते.

म्हणून मला वाटते, प्रश्न रोख की कार्ड हा नाहीच. उधारीची किंमत कोणीतरी मोजतोच. पूर्वी ती रोखीच्या गिऱ्हाइकाने भावातून मोजली, नंतर दुकानदाराने कपातीतून. फरक एवढाच, की वहीतला हिशेब आम्हाला वाचता येत होता. पाडव्याला मी अजून कोरी वही पूजतो. यंदा तिच्या पहिल्या पानावर वर्षभराच्या कपातीची बेरीज लिहिणार आहे.