भूमिका कोणाची, गळा कोणाचा?

१/
१९९४ साली 'फायनल फॅन्टसी' या जपानी भूमिकाप्रधान खेळमालिकेचा सहावा भाग आला. त्यात सेलेस नावाची सेनानी एका गायिकेचे सोंग घेऊन ऑपेरात उभी राहते. पदाची योग्य ओळ खेळणाऱ्याने निवडायची असते. त्या काळच्या यंत्रात मानवी गायन साठवण्यास पुरेशी जागा नव्हती. म्हणून संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी कृत्रिम स्वरांतून गळ्याचा भास निर्माण केला. शब्द तेवढे पडद्यावर उमटत.

२/
पात्र एक आणि गाणारा दुसराच, हा पेच मराठी रंगभूमीच्या आरंभापासूनचा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या पद्धतीच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे. पात्रे अभिनय करीत आणि भाषणे आयत्या वेळी रचून बोलत.

३/
३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. आता ज्याचे दुःख, त्याच्याच तोंडी पद आले. परिणामी नटाची निवड गळ्यावरून होऊ लागली. 'सौभद्र' नाटकातील सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकरांनी लौकिक मिळवला, तो त्यांच्या गायनामुळेच. मात्र चाली बहुधा प्रचलितच असत. साकी, दिंडी किंवा लोकांच्या कानांवर रुळलेली एखादी चाल घेऊन नाटककारच तीत शब्द बसवी. स्वतंत्र संगीतकार अजून अवतरायचा होता.

४/
तो १९११ मध्ये अवतरला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. हार्मोनियमवर हुकूमत असलेल्या या कलावंताने बैठकीतील ठुमरी-दादऱ्याची वळणे नाट्यपदांत आणली. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीचा आधार घेतला. रुक्मिणीच्या भूमिकेत त्यांचेच शिष्य बालगंधर्व होते.

५/
या वैभवाची किंमतही मोजावी लागली. 'वन्समोअर'च्या घोषात नाटक थांबे, रुक्मिणी विरून जाई आणि बालगंधर्वांची मैफल सुरू होई. भूमिकेसाठी आलेले गाणे भूमिकेलाच गिळू लागले. संगीत नाटकाच्या उतरत्या काळाची चर्चा करताना बोलपटांना दोष दिला जातो. पण हा अंतर्गत ताण त्याआधीचाच होता.

६/
१९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात टेंबे स्वतः हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले. पुढे पार्श्वगायन रूढ झाले आणि नट व गळा यांची पुन्हा फारकत झाली. खेळांचेही तेच. 'फायनल फॅन्टसी'च्या आठव्या भागात (१९९९) कथेतील ज्युलियाचे गीत फेय वाँग गातात. दहाव्या भागात (२००१) पात्रांना बोलका आवाज लाभला, पण गीत गायले ते आमामी बेटावरच्या लोकगायिका रिक्की यांनी. भाव्यांचा सूत्रधार जणू नव्या वेषात परतला!

७/
आता आपल्या परिसराकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ही झाडीपट्टी. पवनी तालुक्यातील अड्याळही याच प्रदेशात येते. धानाची कापणी आटोपली की येथे रात्रभर नाटके रंगतात. दंडार आणि खडी गंमत यांचा वारसा सांगणाऱ्या या रंगभूमीवर आजही जिवंत साथीवर गाणी होतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेकडे देशाचे लक्ष गेले.

८/
टेंब्यांनी काय घडवले हे आज सांगता येते, कारण त्यांचे नाव पदांसह नोंदले गेले. उएमात्सुंचे नाव खेळाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत झळकते. यंदा मंडईत नाटक पाहाल, तेव्हा आवडलेल्या पदाची चाल कोणी बांधली, हे अवश्य विचारा. ते नाव, गाव आणि तारीख वहीत टिपून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला तीच वही साधन म्हणून उपयोगी पडेल.