विद्यापीठ कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या मुलांसाठी?

'गुणवत्ता ढासळेल' हे वाक्य ऐकले की मला अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला एक जुना वाद आठवतो.

१८६२ मध्ये तिथे मॉरिल कायदा झाला. केंद्राने राज्यांना जमीन द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवायची. कनेक्टिकटला १,८०,००० एकरांची हक्कपत्रे मिळाली. ती १,३५,००० डॉलरला विकली गेली, म्हणजे एकरी ७५ सेंट! ही जमीन होती कुठे? दूर पश्चिमेकडे, आदिवासींकडून करार आणि बंदुकीच्या जोरावर काढून घेतलेली.

पैसा गेला येल विद्यापीठाच्या शेफिल्ड विज्ञानशाळेकडे. तिथे विज्ञान उत्तम शिकवले जाई, हे मान्यच. पण प्रवेशाच्या अटी अशा, की गावच्या शाळेत शिकलेले शेतकऱ्याचे पोर दारातच अडायचे. 'ग्रेंज' या शेतकरी संघटनेने हाच मुद्दा लावून धरला. शेतीच्या नावाने पैसा घेता, तर शेतकऱ्यांची मुले कुठे आहेत?

१८९३ मध्ये विधिमंडळाने हा निधी येलकडून काढून स्टॉर्सच्या लहानशा कृषी महाविद्यालयाला दिला. येल कोर्टात गेले, भरपाईही मिळवली. पण निधी स्टॉर्सकडेच राहिला. त्याच वर्षी तिथे मुलींनाही रीतसर प्रवेश खुला झाला. आज तेच कनेक्टिकट विद्यापीठ आहे आणि शेती, आरोग्य, नैसर्गिक संसाधने यांवर तिथे संशोधन चालते. दार उघडल्याने ज्ञान बुडाले नाही.

तरीही हा पूर्ण विजय नव्हे. ज्यांची जमीन गेली ते आदिवासी या वादात पक्षकारच नव्हते. न्याय एक पायरी खाली उतरला आणि तिथेच थांबला.

हा इतिहास आपलाही आहे. याच अमेरिकी धर्तीवर १९६० मध्ये पंतनगरला भारतातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. १९६८ मध्ये राहुरीचे आले, त्याला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांचे नाव फाटकावर असेल, तर आत काही प्रश्न विचारावेच लागतील. संशोधनाचा विषय कोण ठरवतो? बागायतदाराच्या उताऱ्याइतकेच फवारणी करणाऱ्या भूमिहीन मजुराचे फुप्फुस आणि खुरपणाऱ्या बाईची कंबर हेही शेतीशास्त्राचे विषय आहेत की नाहीत?

ग्रेंजने मुले कुठे आहेत एवढेच विचारले. आपण जमीन कोणाची, हेही विचारू.