बारावीनंतरचा प्रवेश : कोणता दाखला कुठं मिळतो आणि कधी काढायचा?

दरवर्षी निकाल लागला की तहसील आणि सेतू केंद्रांसमोर पालकांची गर्दी होते. पोराला मार्क चांगले असतात, पण एक कागद नसतो. मग राखीव जागा हातची जाते, नाहीतर पूर्ण फी भरायची वेळ येते. मार्क कमी पडले तर इलाज नाही. पण कागदापायी प्रवेश हुकणं टाळता येतं. त्यासाठी अकरावीपासूनच कामाला लागा.

जातीचा दाखला
आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करायचा. दाखला प्रांताधिकारी देतात. जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा सगळ्यात उपयोगी. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा उतारा किंवा गावची जुनी जन्म-मृत्यू नोंद शोधा.

जात पडताळणी
इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सला नुसता दाखला चालत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. यात महिने जातात, म्हणून अर्ज बारावीच्या आधीच कॉलेजमार्फत करा. वडील, सख्खा भाऊ किंवा काकांकडे वैधता असेल तर तिची प्रत जोडा, काम सोपं होतं.

उत्पन्न आणि नॉन-क्रिमिलेयर
उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो. ओबीसी, विमुक्त-भटके यांना नॉन-क्रिमिलेयरही लागतं. त्यावरची मुदत तपासा. ती संपलेली असली तर प्रवेशाला उपयोग नाही.

फी आणि शिष्यवृत्ती
शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात; घरात दोन-तीन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते बँकेत विचारा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक कोर्सची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही.

राहायचं कसं?
फी माफ झाली तरी शहरातली खोली आणि मेस परवडत नाही, आणि बरीच पोरं पहिल्या वर्षातच गावी परततात. म्हणून प्रवेशासोबतच सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम आणि ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे खात्यावर येतात, पण उशिरा येऊ शकतात. सुरुवातीच्या काही महिन्यांची सोय करून ठेवा.

शेवटचं
सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आत्ताच बघा. मूळ दाखले कुणाकडेही ठेवायला देऊ नका. आणि घरातलं कॉलेजला जाणारं हे पहिलंच पोर असेल, तर कॅपचे पर्याय भरताना कॅफेवाल्यावर सोडू नका. शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना शेजारी बसवा.