आद्य तारामती अण्णा साळुंके व ‘राजा हरिश्चंद्रा’ची उपलब्ध प्रत

पोथीचा काल ठरवितांना आपण कागद, अक्षराचें वळण व पुष्पिका पाहतों. मूळ प्रत कोणती आणि मागाहूनची कोणती, यांत गफलत होऊं देत नाहीं. चित्रपटाच्या बाबतींत ही सावधगिरी फारशी पाळली जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. कृष्णा हरी ऊर्फ अण्णा साळुंके या नटाचें उदाहरण त्यासाठीं घेतों.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्रा’ची जुळवाजुळव करीत होते, तेव्हां तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. साळुंके त्या वेळीं मुंबईंत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत नोकरीस होते. तेथें त्यांस दरमहा १० रुपये मिळत. फाळक्यांनीं १५ देऊं केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रेय दामोदर दाबके, आणि रोहिदास फाळक्यांचेच पुत्र भालचंद्र. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत हा खेळ लोकांपुढें आला. त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुरां’त दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, तरीहि साळुंक्यांची गरज संपली नाहीं. १९१७ च्या ‘लंकादहनां’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याकडेच होत्या. पुढें ते छायाचित्रणाकडे वळले.

त्यांच्या पहिल्या अभिनयाची साक्ष काढावयाची ती फितीवरूनच. गोंदिया जिल्ह्यांतील कचारगडच्या गुहेशीं निगडित लिंगोची कथा लेखावांचून टिकली, कारण परधान गायकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या गाइली. नटाच्या हावभावांस असा गायक नसतो. फीत गेली कीं ते गेले. शिवाय जुनी फीत नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही आणि आपोआप कुजणारी.

‘राजा हरिश्चंद्र’ सुमारें ३,७०० फुटांचा, चार रिळांचा होता. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें त्यांतील पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें जतन केलीं, असा समज रूढ आहे. परंतु १९१७ मध्यें फाळक्यांनीं हेंच आख्यान ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नांवानें पुन्हा चित्रित केलें होतें, आणि उपलब्ध रिळें या दुसऱ्या चित्रपटाचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. कथा तीच, कर्ताहि तोच. म्हणून केवळ विषयावरून निर्णय करितां येत नाहीं. तें मत खरें ठरल्यास, याच रिळांवरून १९१३ च्या साळुंक्यांची योग्यता ठरविणें म्हणजे नकलेवरून मूळ पाठ शुद्ध करण्यासारखें आहे. चार वर्षांत फाळक्यांचा हात बसला होता, तसा नटाचाहि बसला असणारच.

निर्णयास बाह्य पुरावा हवा. १९१३ चें एखादें छायाचित्र कोणा संग्राहकाच्या दप्तरांत निघाल्यास त्यावरील तारामतीचे अलंकार, लुगड्याचे काठ व मागील पडदा हीं रिळांतील दृश्यांशीं ताडून पाहावींत. हस्तपत्रकावर प्रवेशांची यादी असेल तर तीहि उपयोगी पडेल. तोंवर या रिळांवर ‘१९१३ किंवा १९१७’ असाच काल लिहावा, असें आमचें मत आहे.