दरबारी देणगी आणि माजी विद्यार्थ्यांचे ऋण : भोपाळ-अलीगढ संबंधांचा एक अभ्यास

प्रस्तावना

मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना संस्थापकांचा त्याग आणि संस्थानिकांचे औदार्य यांना भरपूर जागा मिळते. ज्यांच्यासाठी या संस्था उभ्या राहिल्या त्या विद्यार्थ्यांनी पुढे आपल्या कॉलेजसाठी काय केले, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. प्रस्तुत निबंधात भोपाळ संस्थान आणि अलीगढचे कॉलेज यांच्या संबंधांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. भोपाळची निवड करण्यास एक विशेष कारण आहे. येथील राजघराण्यात लागोपाठच्या दोन पिढ्यांत दोन वेगवेगळ्या प्रकारचे आश्रयदाते दिसतात. नवाब सुलतान जहाँ बेगम या केवळ राज्यकर्त्या म्हणून अलीगढच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांचे पुत्र हमीदुल्ला खान हे राज्यकर्ते होते, तसेच अलीगढचे माजी विद्यार्थीही होते.

अलीगढचा आरंभ आणि निधीची चणचण

सर सय्यद अहमद खान यांची शाळा 24 मे 1875 रोजी सुरू झाली. 8 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. सरकारी अनुदान अपुरे असल्याने सर सय्यद यांना सतत वर्गणीसाठी फिरावे लागले. त्यांनी लॉटरी काढली, तेव्हा धर्माच्या आधारे त्यावर टीका झाली; त्यांनी ती सहन केली. देणगीदारांची नावे इमारतींवर आणि कुंपणाच्या भिंतीवरही कोरण्यात आली. या नावांत हिंदू देणगीदारही आहेत. लहान रक्कम देणाऱ्याचीही नोंद राहावी, हा त्यामागील हेतू होता.

निधी जमविण्याइतकेच तो सांभाळणेही कठीण असते, याचा कटू अनुभव 1895 मध्ये आला. कॉलेजच्या हेडक्लार्कने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. सर सय्यद यांना या घटनेचा मोठा धक्का बसला. 27 मार्च 1898 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कॉलेजची आर्थिक स्थिती नाजूक होती.

माजी विद्यार्थ्यांची संघटना

या संकटाच्या आधीच विद्यार्थ्यांमधून एक वेगळा प्रयत्न सुरू झाला होता. साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये ‘अंजुमन-अल-फर्ज’ ही संस्था स्थापन झाली. ती ‘ड्यूटी सोसायटी’ या नावानेही ओळखली जाते. विद्यार्थी सुट्टीत गावोगावी फिरून वर्गणी जमवीत आणि त्यातून गरीब सहाध्यायांना मदत दिली जाई. नावातील ‘फर्ज’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. देणे हे उपकार न मानता कर्तव्य मानावे, ही शिकवण विद्यार्थिदशेतच दिली जात होती.

सर सय्यद यांच्या निधनानंतर 1899 मध्ये ओल्ड बॉईज असोसिएशनची स्थापना झाली. आपल्या उत्पन्नाचा शेकडा एक हिस्सा कॉलेजला द्यावा, ही कल्पना अलीगढच्या माजी विद्यार्थ्यांत रुजविण्याचा प्रयत्न झाला. नव्याने नोकरीला लागलेला कारकून आणि नावाजलेला वकील या दोघांनाही हे प्रमाण परवडणारे होते. रक्कम कमीअधिक असली तरी दोघांचा दर्जा एकच राहत असे.

या संघटनेचे बळ 1911 मध्ये दिसले. मुस्लिम विद्यापीठासाठी वीस लाख रुपये उभे करण्याचे ठरले आणि आगाखान यांनी देशभर दौरा केला. या दौऱ्यात त्यांचे सचिव म्हणून शौकत अली यांनी काम पाहिले. शौकत अली हे अलीगढचे माजी विद्यार्थी होते आणि त्या वेळी सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. पुढे 1920 च्या विद्यापीठ कायद्यात तीस लाख रुपयांच्या कायम निधीची तरतूद करण्यात आली.

देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय होते हे विचारावेसे वाटते, हेही याच काळात स्पष्ट झाले. जुने विद्यार्थी कॉलेजच्या कारभारात वाटा मागू लागले. विश्वस्तांना हे नेहमीच रुचले असे नाही. तथापि, पुढे विद्यापीठाच्या कोर्टात माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले.

भोपाळचा हात

सुलतान जहाँ बेगम 1901 मध्ये भोपाळच्या गादीवर आल्या. स्त्रीशिक्षण हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. शेख अब्दुल्ला या अलीगढच्याच माजी विद्यार्थ्याने पत्नी वहीद जहाँ बेगम यांच्या साहाय्याने 1906 मध्ये अलीगढला मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा समाजातून मोठा विरोध झाला. या शाळेला भोपाळहून दरमहा शंभर रुपयांचे अनुदान मिळत असे. 1914 मध्ये शाळेच्या वसतिगृहाचे उद्‌घाटनही बेगमसाहेबांच्या हस्ते झाले. या कामात माजी विद्यार्थ्याने आपले श्रम आणि आयुष्य दिले, तर राज्यकर्तीने पैसा आणि प्रतिष्ठा दिली. शाळेचा रोजचा खर्च भागविण्यास एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा ठरलेल्या वेळी येणारे शंभर रुपये अधिक उपयोगी होते, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला सहज पटेल.

डिसेंबर 1920 मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले आणि सुलतान जहाँ बेगम त्याच्या पहिल्या कुलपती झाल्या. 1930 मध्ये निधन होईपर्यंत त्या या पदावर होत्या. त्यांनी आपले धाकटे पुत्र हमीदुल्ला खान यांना शिक्षणासाठी अलीगढला पाठविले होते. तेथून त्यांनी 1915 मध्ये बी.ए. पदवी घेतली. ते 1926 मध्ये नवाब झाले आणि 1930 पासून 1935 पर्यंत विद्यापीठाचे कुलपती होते. सर सय्यद यांचे नातू सर रॉस मसूद यांनी 1934 मध्ये अलीगढचे कुलगुरुपद सोडले, तेव्हा त्यांना भोपाळच्या शिक्षण खात्याची जबाबदारी देण्यात आली. 1937 मध्ये भोपाळ येथेच त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी अलीगढचे पदवीधर अब्दुर्रहमान बिजनौरी यांनीही भोपाळच्या शिक्षण खात्यात काम केले होते. अशा रीतीने पैसा भोपाळहून अलीगढला जात होता आणि अलीगढची माणसे भोपाळला येत होती.

खजिना बंद झाल्यावर

1 जून 1949 रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारने आपल्या हाती घेतला. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे बदल आवश्यकच होते. परंतु दरबारी आश्रयावर उभ्या असलेल्या संस्थांपुढे पेच निर्माण झाला. अलीगढ विद्यापीठाचा समावेश राज्यघटनेच्या केंद्रसूचीत झाल्याने त्याला केंद्र सरकारचा आधार मिळाला. समाजाने चालविलेल्या लहान महाविद्यालयांना असा आधार नव्हता.

भोपाळचे सैफिया कॉलेज हे अशाच महाविद्यालयांपैकी एक होय. गीतकार जावेद अख्तर हे येथील माजी विद्यार्थी. शिक्षणाच्या काळात कॉलेजने आपल्याला राहण्यास खोली दिली होती, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. अशी एखादी खोली, माफ झालेली फी किंवा शिक्षकाने दिलेले पुस्तक कॉलेजच्या जमाखर्चात दिसत नाही. ते विद्यार्थ्याच्या स्मरणात असते. या स्मरणाला देणगीचे रूप देण्याचे काम मात्र संस्थेलाच करावे लागते.

पैसा नसताना माजी विद्यार्थ्यांनी संस्था कशी टिकविली, याचे उदाहरण जामिया मिल्लियाच्या इतिहासात आहे. 1920 मध्ये अलीगढमधून बाहेर पडलेल्यांनी ही संस्था काढली. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर ती बंद पडण्याच्या बेतात होती. तेव्हा 1928 मध्ये अलीगढचेच विद्यार्थी असलेले डॉ. झाकिर हुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची परंपरा महाराष्ट्रातील शिक्षकांना परिचित आहेच.

आजचा संदर्भ

आजही माजी विद्यार्थी मोठ्या रकमा देतात. अलीगढला काही काळ शिकलेले अमेरिकेतील उद्योजक फ्रँक इस्लाम यांच्या वीस लाख डॉलरच्या देणगीतून उभारलेल्या व्यवस्थापनशास्त्र संकुलाचे 2017 मध्ये उद्‌घाटन झाले. नंदन नीलेकणी यांनी 2023 मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.ला 315 कोटी रुपये दिले. परंतु तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने अशा एखाद्या धनाढ्य विद्यार्थ्याची वाट पाहत बसणे व्यर्थ आहे. त्याचे माजी विद्यार्थी शिक्षक, परिचारिका, दुकानदार, रिक्षामालक आणि आखाती देशांतील कामगार आहेत. त्यांच्यासाठी शेकडा एकचा जुना मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

त्यासाठी अलीगढच्या अनुभवातून चार गोष्टी घेता येतील. पहिली, देण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागावी. दुसरी, देणगीचा हेतू नेमका असावा. ‘कॉलेजच्या विकासासाठी’ असे म्हणण्यापेक्षा ‘एका मुलीच्या वर्षभराच्या फीसाठी’ असे म्हटलेले देणाऱ्याला समजते. तिसरी, जमाखर्चाचा तपासलेला ताळेबंद दरवर्षी देणगीदारांच्या हाती पडावा. 1895 ची घटना विसरण्यासारखी नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून देणगी घ्यायची असल्यास परकीय अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणीही आवश्यक आहे. चौथी, जो देतो त्याला बोलण्याचा हक्क मिळावा. विश्वस्त मंडळांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

समारोप

सुलतान जहाँ बेगम यांचे ऋण अलीगढ कधीही विसरू शकणार नाही. तरीही संस्थान विलीन झाले आणि दरबारी देणगीचा तो झरा आटला. कॉलेजमधून विद्यार्थी मात्र दरवर्षी बाहेर पडत राहिले. शिक्षणसंस्थेजवळ दरवर्षी वाढणारी अशी एकच ठेव असते. बहुतेक महाविद्यालयांत जुन्या विद्यार्थ्यांची नावे आणि पत्ते प्रवेशनोंदवहीत पडून आहेत. ती वही उघडून पहिली पन्नास पत्रे लिहिण्यास कोणत्याही नवाबाच्या परवानगीची गरज नाही. हे काम महाविद्यालयातील शिक्षकच करू शकतात, कारण माजी विद्यार्थी संस्थेला ओळखतो तो त्यांच्यामुळेच.