भारतीय सी हॅरियरची प्रतिकृती : घरगुती रेझिन भागांचे तंत्र

विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवणाऱ्या छंदवंतांमध्ये ‘रूपांतर’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. बाजारातील प्लास्टिकच्या संचातून जी आवृत्ती तयार होते, तिच्याऐवजी त्याच विमानाची दुसरी आवृत्ती साकारण्यासाठी काही भाग बदलणे आणि काही नव्याने घडवणे, म्हणजे रूपांतर. असे भाग घरच्या घरी करण्याची रुळलेली पद्धत म्हणजे रेझिनचे ओतकाम. भारतीय नौदलाचे सी हॅरियर हे या पद्धतीचे गोव्याला जवळचे असे उदाहरण आहे.

विमान आणि त्याची भारतीय आवृत्ती

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर विमाने दाबोळीच्या धावपट्टीवर उतरली. आयएनएस हंसा या नौदल तळावरील ‘३०० स्क्वाड्रन’, म्हणजेच ‘व्हाइट टायगर्स’, ही विमाने वापरत असे. विक्रांत आणि नंतर विराट या विमानवाहू नौकांवरून त्यांनी उड्डाणे केली. मे २०१६ मध्ये हंसावरच त्यांना निरोप देण्यात आला आणि स्क्वाड्रनकडे मिग-२९के विमाने आली. बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात हे विमान आज जवळून पाहता येते.

ब्रिटिश नौदलाच्या एफआरएस-१ या आवृत्तीवरून भारतासाठी एफआरएस-५१ तयार करण्यात आली. बाह्य आकार जवळपास सारखाच असल्यामुळे ब्रिटिश विमानाचा संच पाया म्हणून चालतो. मात्र ब्रिटिश विमानांवर अमेरिकी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे असत, तर भारतीय विमानांच्या पंखांखालील बाहेरच्या टांगण्यांवर फ्रेंच मात्रा मॅजिक क्षेपणास्त्रे बसवली जात. पुढे काही विमानांचे आधुनिकीकरण होऊन त्यांना इस्रायली एल्टा रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र मिळाले. म्हणून संचातील साइडवाइंडर तसेच चिकटवले, तर शेपटीवर वाघ रंगवूनही विमान भारतीय होत नाही.

मापांचा हिशेब

विमानांच्या प्रतिकृतींसाठी १/७२ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. सहा फुटांत ७२ इंच असतात, त्यामुळे या प्रमाणात खऱ्या विमानाचे सहा फूट एका इंचात मावतात. सी हॅरियरची लांबी सुमारे १४.५ मीटर असल्याने प्रतिकृती साधारण २०१ मिलिमीटर लांब होते.

मॅजिक क्षेपणास्त्राची लांबी २.७२ मीटर आणि व्यास १५७ मिलिमीटर. ७२ ने भागल्यावर लांबी ३७.८ आणि व्यास २.२ मिलिमीटर येतो. साइडवाइंडरचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात जेमतेम १.८ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दिसतो. पण मॅजिक आखूड आणि जाड आहे, शिवाय त्याच्या पुढच्या भागात स्थिर आणि हलणाऱ्या पंखांच्या दोन रांगा एकामागे एक असतात. म्हणून साइडवाइंडर कापून मॅजिक करता येत नाही. ३.६२ मीटर लांबीचे डर्बी करायचे झाल्यास ते सुमारे ५० मिलिमीटरचे होते.

मूळ नमुना

रेझिनचा भाग मूळ नमुन्यापेक्षा सरस कधीच होत नाही. नमुन्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून प्रत्येक प्रतीत उतरतो. क्षेपणास्त्राच्या देहासाठी प्लास्टिकची गोल कांडी किंवा पितळी नळी घ्यावी, टोक ड्रिल यंत्रात फिरवत कानशीने घडवावे आणि ४०० पासून १००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करावे. त्यावर प्रायमरचा पातळ हात दिला की राहिलेले खड्डे दिसतात. ते पुट्टीने भरून पुन्हा घासावेत.

सगळेच भाग रेझिनमध्ये ओतणे शहाणपणाचे नाही. क्षेपणास्त्राचे पंख इतके पातळ असतात की रेझिनमध्ये ते अपुरे भरतात किंवा साच्यातून काढताना मोडतात. देह तेवढा ओतावा, त्यावर पंखांसाठी बारीक खाचा ठेवाव्यात आणि पंख पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून बसवावेत. वैमानिकाचे आसन, क्षेपणास्त्रांचे देह आणि इंजिनाच्या फिरत्या झोतनळ्या हे मात्र ओतकामाला योग्य भाग आहेत. पारदर्शक छत वेगळे करायचे असल्यास गरम करून मऊ केलेला पारदर्शक पत्रा नमुन्यावर ताणून घ्यावा लागतो.

साचा

साच्यासाठी खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे सिलिकॉन रबर वापरतात. ते दोन प्रकारचे असते. कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे स्वस्त असते, पण काळानुसार किंचित आकसते. प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारे मापाला पक्के असते, परंतु गंधकाचा संपर्क आल्यास ते चिकटच राहते. साच्याचा तळ करण्यासाठी वापरायच्या मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक नाही ना, हे आधी पाहावे. अन्यथा महागडे रबर वाया जाते.

दोन भागांच्या साच्यात नमुना अर्ध्यापर्यंत क्लेमध्ये रोवतात, बाजूला गोल खळगे करतात आणि वरून रबर ओततात. ते घट्ट झाल्यावर क्ले काढून पृष्ठभागाला व्हॅसलीनचा अतिशय पातळ थर देतात आणि दुसरा अर्धा भाग ओततात. थर दिला नाही, तर दोन्ही भाग एकजीव होतात. खळग्यांमुळे दोन्ही भाग दर वेळी अचूक जुळतात. रबर उंचावरून, बारीक धारेने आणि एकाच कोपऱ्यात ओतल्यास हवेचे बुडबुडे धारेतच फुटतात. रेझिन आत जाण्यासाठी एक वाट आणि हवा बाहेर पडण्यासाठी दुसरी, अशी सोय साच्यात असावीच लागते.

ओतकाम आणि पावसाळा

घरगुती कामासाठी पॉलियुरेथेन रेझिन सोयीचे. त्याचे दोन घटक ठरलेल्या प्रमाणात मिसळले की काही मिनिटांतच ते तापून घट्ट होऊ लागते. म्हणून साचा बांधून तयार ठेवल्याशिवाय मिश्रण करू नये.

गोव्यात आणि कोकणपट्टीत या कामाचा खरा शत्रू दमट हवा हा आहे. रेझिनच्या एका घटकातील आयसोसायनेटची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि भाग फेसाळ, सच्छिद्र होतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली पुढच्या वेळी निकामी निघते ती याच कारणाने. झाकण लगेच घट्ट लावावे, बाटल्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. ढवळण्यासाठी ओलावा धरणारी लाकडी काडी व कागदी पेला टाळून प्लास्टिकची साधने घ्यावीत. मोठ्या बाटलीपेक्षा छोटी बाटली अंती स्वस्त पडते.

हेच आयसोसायनेट आरोग्यालाही घातक आहे. त्याच्या वाफांमुळे कायमची संवेदनशीलता आणि दमा जडू शकतो. काम खेळत्या हवेत आणि नायट्राइल हातमोजे घालून करावे. धूळ अडवणारा साधा मुखपट्टा वाफा अडवत नाही. घट्ट झालेला भाग पाण्यात भिजवून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. स्वयंपाकाची भांडी या कामाला वापरू नयेत आणि मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

जोडणी

साच्यातून निघालेला भाग साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर त्यावर रंग टिकत नाही. प्लास्टिकचा नेहमीचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो; रेझिनवर त्याचा परिणाम होत नाही. तेथे सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी लागते. सी हॅरियरची चाके पोटाखाली एका रेषेत आणि पंखांच्या टोकांजवळ दोन, अशी असतात. म्हणून नव्या भागांनी वजन वाढल्यावर सर्व चाके जमिनीला टेकतात का, हे गोंद वाळण्यापूर्वी सपाट काचेवर तपासावे. सुरुवातीच्या भारतीय विमानांचा रंग वर गडद सागरी करडा व खाली पांढरा होता; तो कोणत्या काळातील विमान आपण करत आहोत, हे ठरवूनच निवडावा. आधुनिकीकरणानंतरचे डर्बी १९८३ च्या रंगातील विमानाखाली शोभत नाही.

नक्कल आणि निर्मिती

दुसऱ्या उत्पादकाने विकायला काढलेल्या रेझिन भागावरून साचा काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते. परंतु त्या प्रती विकणे म्हणजे अनेकदा एकट्याने काम करणाऱ्या कारागिराच्या कष्टांवर डल्ला मारणे होय. शिवाय प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी माप थोडे घटते आणि बारकावे बुजतात. स्वतः माप घेऊन घडवलेला नमुना या दोन्ही दोषांपासून मुक्त असतो. ज्या विमानाचा आवाज दाबोळी-वास्को परिसराने तीन दशकांहून अधिक काळ ऐकला, त्याची नोंद मापाला धरून ठेवायची, तर बोगमाळोच्या आवारातील विमानासमोर वही घेऊन उभे राहण्यापासूनच सुरुवात व्हायला हवी.