परतलेल्यांचं गाव

पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या तिसऱ्या चित्रपटाला २००४ साली ११ ऑस्कर मिळाली. तरी लेखकाचे चिरंजीव ख्रिस्तोफर टॉल्किन नाराजच! त्यांच्या मते पुस्तकाचा नुसता मारधाडपट झाला. चाहते म्हणतात, एवढा ग्रंथ म्हटल्यावर काटछाट होणारच. बरोबर आहे. पण कापलं काय, ते बघा. पुस्तकात हॉबिट युद्ध जिंकून परततात, तर गावात झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. चित्रपटात मात्र गाव होतं तसंच हिरवंगार. टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणांगणावर होते. त्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र गेले. जिंकूनही जुनं घर परत मिळतंच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नेमकं तेच गाळलं गेलं. म्हणून या वादात मी चिरंजीवांच्या बाजूला झुकतो.